वायर जोडलेली, तरी नेट बंद : बिघाड कोणाच्या हद्दीत?

व्यापारी व कारागीर बांधवांनो, पूर्वी दुकानाचा हिशोब वहीत असे आणि वही गल्ल्यात असे. आता हिशोब कॉम्प्युटरमध्ये आहे आणि कॉम्प्युटर एका वायरीवर अवलंबून आहे. जीएसटीआर-३ बी हे मासिक विवरणपत्र पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागते. तिमाही पद्धत निवडलेल्या महाराष्ट्रातील लहान व्यापाऱ्यांना तिमाही संपल्यानंतरच्या महिन्याची २२ तारीख असते. मुदत हुकली की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते. त्या काळात काहीच उलाढाल नसेल तर २० रुपये. कर भरायचा राहिला असेल तर त्यावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज वेगळे. ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल परराज्यात पाठवायचा असेल तर गाडी हलण्यापूर्वी ई-वे बिल काढावे लागते. गाडी दारात उभी, हमाल माल भरून मोकळे, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'इंटरनेट नाही' अशी पाटी!

अशा वेळी बहुतेक घरांत काय होते? आधी नेटवाल्या ऑपरेटरला फोन जातो. तो म्हणतो, "चाचा, आमच्याकडून लाइन चालू आहे. तुमचा कॉम्प्युटर कोणाला तरी दाखवा." मग कॉम्प्युटर दुरुस्त करणारा येतो. तो पाहतो आणि म्हणतो, "हाजीसाहेब, मशीन अगदी ठीक आहे, लाइनच खराब आहे." दोघेही निघून जातात. दुसऱ्याने येण्याचे पैसेही घेतलेले असतात. यात दोघांपैकी कोणी खोटे बोलत असेल असे नाही. लाइनही चांगली असू शकते आणि कॉम्प्युटरही. दोघांच्या मध्ये जी दहा-पंधरा फुटांची वायर आहे ती मात्र कोणाचीच नसते, आणि पुष्कळदा बिघाड तिथेच असतो.

म्हणून बिघाड दुरुस्त करणे येवो अथवा न येवो, तो कोणाच्या हद्दीत आहे एवढे ओळखता आलेच पाहिजे. यंत्रमागावर काम करणाऱ्या मोमीन बांधवांना हे वेगळे सांगायला नको. माग थांबला की विणकर सगळा माग खोलून बसत नाही. ताण्याचा धागा तुटला, बाण्याची कांडी संपली की मोटरच बंद पडली, हे तो आधी पाहतो, आणि मगच जॉबरला हाक मारायची की नाही ते ठरवतो. इंटरनेटलाही तीच रीत लावावी.

आधी काम, मग तपास

मुदत अंगावर आली असेल तर तपासात वेळ घालवू नये. मोबाइलच्या चार्जिंगची वायर मोबाइलमधून काढू नये, तिचे दुसरे टोक कॉम्प्युटरच्या यूएसबी खाचेत घालावे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग अशी जागा असते, तिथे 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. कॉम्प्युटर मोबाइलच्या सिमवरचे इंटरनेट घेऊ लागतो. विवरणपत्र भरण्याला किंवा ई-वे बिल काढण्याला फारसा डेटा लागत नाही. वायर असलेले चार्जर घरोघरी असतात, त्यामुळे यासाठी काही विकत आणावे लागत नाही.

या युक्तीने काम तर उरकतेच, शिवाय तपासही अर्धा होतो. मोबाइल जोडल्यावर सगळे सुरळीत उघडले, तर कॉम्प्युटरच्या आतले बहुतेक सामान शाबूत आहे असे समजावे. दोष वायरीत, वायर जिथे बसते त्या खाचेत, तिच्या सेटिंगमध्ये किंवा त्यापलीकडे आहे. मोबाइल जोडूनही पान उघडत नसेल तर नेटवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही. त्याची लाइन या वेळी वापरातच नाही.

चार हद्दी

आजकाल बहुतेक गावांत घरापर्यंत फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूची लाइन येते. ती भिंतीवरच्या एका बॉक्समध्ये संपते. या बॉक्सला कोणी मोडेम म्हणतात, कोणी राऊटर, कोणी ओएनटी. नाव काहीही घ्या, काचेतून आलेला उजेड विजेच्या संदेशात बदलणे हे त्याचे काम. बॉक्समधून लॅनची वायर निघून कॉम्प्युटरपर्यंत जाते. म्हणजे रस्त्यावरून बॉक्सपर्यंतची लाइन ही पहिली हद्द, ती ऑपरेटरची. बॉक्स ही दुसरी. तो बहुधा ऑपरेटरनेच दिलेला असतो, पण त्याला वीज आपण देतो. तिसरी हद्द लॅनच्या वायरीची आणि चौथी कॉम्प्युटरची. या दोन्ही आपल्या. त्यापलीकडे जी वेबसाइट उघडायची आहे तिचीही एक हद्द आहे, पण तिथे आपला हात पोचत नाही.

काही जुन्या वस्त्यांत ऑपरेटर खांबावरच्या पेटीतून थेट तांब्याची लॅन वायर घरात आणून देतो. तिथे पहिली आणि तिसरी हद्द एकमेकांत मिसळतात, बाकी तपास तसाच.

आता पहिली आणि सर्वांत मोलाची कसोटी. घरातला एखादा मोबाइल घ्यावा, त्याचा मोबाइल डेटा बंद करावा आणि त्याच बॉक्सच्या वाय-फायवर जोडून एखादे पान उघडून पाहावे. डेटा बंद करण्याचे विसरू नये. नाहीतर वाय-फाय मेलेले असले तरी मोबाइल गुपचूप सिमवरचे नेट वापरतो आणि आपली समजूत होते की लाइन चालू आहे. मोबाइलवर पान उघडले तर पहिल्या दोन हद्दी निर्दोष ठरल्या. ऑपरेटरला दोष देऊ नये, आपली वायर आणि कॉम्प्युटर पाहावा. मोबाइलवरही उघडत नसेल तर कॉम्प्युटरला हात लावू नये, बॉक्सकडे जावे. एका मिनिटाच्या या कसोटीने निम्मे घर झाडून होते. तरीही दहातले नऊ जण ती न करता आधी कॉम्प्युटर बंद-चालू करत बसतात.

बॉक्सवरचे दिवे

बॉक्सवर बारीक दिव्यांची रांग असते. प्रत्येक कंपनीच्या बॉक्सवर थोडा फरक असतो, पण चार दिवे ओळखले तरी पुरते. 'पॉवर' म्हणजे वीज. 'पॉन' म्हणजे ऑपरेटरच्या केंद्राशी जोडणी झाली आहे, हा स्थिर हिरवा हवा. 'लॉस' हा धोक्याचा दिवा. तो बंदच असायला हवा. तो लाल होऊन लुकलुकत असेल तर काचेतून उजेड पोचत नाही असा त्याचा अर्थ. आणि 'लॅन' हा दिवा, ज्याविषयी पुढे बोलू.

लॉसचा लाल दिवा लागला की प्रश्न मिटला. तो बिघाड ऑपरेटरच्या हद्दीतला आहे. कुठे रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडली असेल, उंच भरलेल्या ट्रकने खांबावरची तार ओढली असेल. मात्र फोन करण्यापूर्वी बॉक्सच्या मागची बारीक वायर पाहून घ्यावी. घराची साफसफाई करताना कपाट भिंतीला टेकवले आणि काचेची वायर काटकोनात मुडपली, असे फार वेळा घडते. आतला काचेचा तंतू माणसाच्या केसाएवढा असतो. तो हळुवार गोलाईत वळतो, पण मुडपला की उजेड बाहेर सांडतो किंवा तंतू तुटतो. कपाट चार बोटे पुढे ओढल्याने लाल दिवा गेला तर ठीक. नाही गेला तर ते हिरवे टोक काढून फुंकर मारणे, बोटाने पुसणे असले प्रकार करू नयेत. बोटाचा तेलकटपणा त्यावर बसला की आणखी बिघडते. त्या टोकात डोळा घालून तर मुळीच पाहू नये. आतला उजेड डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे नसते.

सगळे दिवे एकदम जातात आणि पुन्हा लागतात, असे वारंवार होत असेल तर लाइन नव्हे, बॉक्सचा अडॉप्टर दमला आहे. पुष्कळ बॉक्सना १२ व्होल्टचा अडॉप्टर असतो. बॉक्सवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून तसाच आणावा. कमी अँपिअरचा स्वस्तातला आणला तर दिवे लागतील, पण ओझे पडताच बॉक्स मान टाकील. ज्या इमारतीत खाली माग, चक्की किंवा वेल्डिंगचे काम चालते तिथे विजेचा दाब खाली-वर होतो. तिथे बॉक्ससाठी मिळणारा छोटा यूपीएस लावणे हा फायद्याचा खर्च आहे.

लॉस बंद आहे, पॉन स्थिर आहे आणि तरीही कोणालाच नेट नाही, अशा वेळी आधी प्लॅनची तारीख पाहावी. पैसे भरायचे राहिले असतील तर सर्व दिवे शहाण्यासारखे लागलेले असतात आणि नेट नसते. तारीख बाकी असेल तर बॉक्सची वीज बंद करून दोन मिनिटे थांबावे, पुन्हा चालू करून चार-पाच मिनिटे द्यावीत.

येथे एक इशारा. वीज बंद-चालू करणे वेगळे आणि बॉक्सच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून 'रीसेट' दाबणे वेगळे. पुष्कळ बॉक्समध्ये ऑपरेटरने भरलेले युजरनेम व पासवर्ड असतात. टाचणीने रीसेट केले की ते पुसले जातात, बॉक्स कारखान्यातून आला तसा कोरा होतो. मग चांगली लाइनसुद्धा मुकी होऊन बसते आणि ऑपरेटरचा माणूस येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावे लागते. घरातील हौशी मुलांना हे भोक दाखवून मनाई करून ठेवावी.

कोणाचीच नसलेली वायर

आता मोबाइलवर नेट आहे आणि कॉम्प्युटरवर नाही, या स्थितीकडे येऊ. कॉम्प्युटरच्या मागे जिथे लॅनची वायर बसते तिथे बहुधा एक-दोन बारीक दिवे असतात. वायर बसली आणि पलीकडचे टोक जिवंत असले की ते लागतात. बॉक्सवरचा लॅनचा दिवाही त्याच वेळी लागतो. हे दिवेच लागले नाहीत तर विंडोजच्या सेटिंगमध्ये शिरू नये. तुटलेल्या नळातून पाणी येत नाही म्हणून मोटर खोलण्यासारखे ते होईल.

वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवावी. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. टोकाच्या प्लॅस्टिकच्या जॅकला एक बारीक जीभ असते, तिने जॅक खाचेत अडकून राहतो. ही जीभ मोडली की जॅक बसलेला दिसतो, पण टेबलाला धक्का लागला, शिलाई मशीन चालू झाले, झाडू फिरला की सुटतो. 'कधी चालते, कधी बंद पडते' या तक्रारीमागे ही मोडकी जीभ पुष्कळदा असते. कापडाच्या आणि पिंजारकामाच्या घरांत दुसरेही कारण सापडते. हवेतला कापूस लॅनच्या खाचेत जमून जॅक पूर्ण आत जात नाही. कॉम्प्युटर बंद करून, कोरड्या मऊ ब्रशने ती खाच झाडावी. सुई किंवा पिन घालू नये, आतल्या आठ सोनेरी पट्ट्या वाकतात.

त्यानंतर बदलून पाहण्याची पाळी. येथे एकच नियम पाळावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी बॉक्सवरची खाच बदला, कारण बहुतेक बॉक्सना एकाहून अधिक लॅन खाचा असतात. दिवा लागला नाही तर मूळ खाचेत परत आणून वायर बदला. शेजारच्या दुकानातून तयार टोकांची छोटी वायर दहा मिनिटांसाठी मागून आणावी आणि कॉम्प्युटर बॉक्सजवळ नेऊन जोडावा. दिवा लागला तर आपली वायर मेली. चांगल्या वायरीनेही लागला नाही आणि तीच वायर दुसऱ्या लॅपटॉपवर चालली, तर कॉम्प्युटरची खाच मेली. खाच, वायर आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलले तर नेट सुरू होईल कदाचित, पण कशाने झाले ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

वायरीच्या आतही डोकावू. तिच्यात आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या पिळलेल्या. सेकंदाला १०० मेगाबिटचा वेग यांतल्या दोनच जोड्यांवर चालतो. १००० मेगाबिटचा, ज्याला गिगाबिट म्हणतात, त्याला चारही जोड्या लागतात. आता समजा उंदराने एकच तार कुरतडली. ती निकामी जोडीतली असेल तर नेट बंद पडत नाही! कॉम्प्युटर आणि बॉक्स आपसांत तडजोड करून १०० वर उतरतात. मालक २०० किंवा ३०० मेगाबिटच्या प्लॅनचे पैसे भरतो आणि कॉम्प्युटरवर मोजले की आकडा ९५च्या आसपास येऊन थांबतो, पुढे सरकतच नाही. हा ९५चा आकडा लक्षात ठेवावा. तो दिसला की ऑपरेटरशी भांडण्यापूर्वी आपली वायर पाहावी. कॉम्प्युटर जुना असेल तर त्याची खाचच १०० मेगाबिटची असते, तेव्हाही हाच आकडा येतो.

वायर विकत घेताना 'कॅट ५ ई' किंवा 'कॅट ६' असे तिच्यावर छापलेले असते. पण छापण्याला काय लागते? बाजारात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली वायरही येते. ती हलकी आणि स्वस्त असते. दोन-चार वेळा वाकवली की आतून तुटते, बाहेरून मात्र नवी दिसते. टोक चाकूने खरवडले की आत पांढरी चकाकी दिसते, शुद्ध तांबे आतूनही लालच असते. सोन्याचा मुलामा ओळखणाऱ्या कारागिराला ही परीक्षा नवीन नाही. घरातल्या वायरीसाठी शुद्ध तांब्याचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचलेले पैसे एका दुरुस्तीत जातात.

दुकान खाली आणि घर वर असेल, किंवा बॉक्स घरात आणि कारखाना मागच्या अंगणात असेल, तर वायर लांब टाकावी लागते. लॅनच्या वायरीची मर्यादा १०० मीटर आहे. मोटरच्या जाड केबलला बांधून ती नेऊ नये, थोडी दूर ठेवावी. दोन इमारतींच्या मधून उघड्यावरून तांब्याची वायर नेणे तर टाळावेच. पावसाळ्यात जवळपास वीज कोसळली की तिच्यातून येणारा झटका कॉम्प्युटरची लॅन खाच जाळतो. काच वीज वाहून नेत नाही, तांबे नेते. आभाळ गडगडू लागले की लांबची लॅन वायर काढून ठेवण्याची सवय लावावी. खाच जळलीच तर कोणी मदरबोर्ड बदलण्याचा खर्च सांगितला तर लगेच होकार देऊ नये. यूएसबीच्या खाचेत बसणारे छोटे लॅन अडॉप्टर मिळते, बाकी कॉम्प्युटर चांगला असेल तर तेवढ्याने काम भागते.

दिवा लागतो, तरी नेट नाही

हा प्रकार थोडा अवघड, पण समजण्यासारखा आहे. बॉक्स आपल्याशी जोडलेल्या प्रत्येक मशीनला एक क्रमांक देतो, जसा मोठ्या घाऊक बाजारात प्रत्येक गाळ्याला असतो. हा क्रमांक पाहण्यासाठी विंडोजच्या शोधाच्या जागी सी-एम-डी ही इंग्रजी अक्षरे टाइप करून एंटर दाबावे. काळी खिडकी उघडते. तिच्यात आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी ही अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबावे. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' या ओळीपुढचा आकडा वाचावा. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो, काही ठिकाणी १० ने. पण तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजावे की बॉक्सकडून क्रमांक मिळालाच नाही, कॉम्प्युटरने वाट पाहून स्वतःच एक कामचलाऊ आकडा लावून घेतला. या आकड्यावर इंटरनेट चालत नाही.

असे झाले तर बॉक्स आणि कॉम्प्युटर दोन्ही एकदा बंद-चालू करावेत. मग वायर पुन्हा तपासावी, कारण अर्धी तुटलेली वायर दिवा लावते पण काम करत नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये कोणी पूर्वी हाताने ठरावीक क्रमांक भरून ठेवला आहे का तेही पाहावे आणि तिथे 'आपोआप' असा पर्याय निवडावा. आणखी एक कारण आता घरोघरी दिसू लागले आहे. वाय-फाय माडीवर पोचावे म्हणून लोक जुना राऊटर त्याच्या लॅन खाचेतून नव्या बॉक्सला जोडतात. मग घरात क्रमांक वाटणारे दोन मुनीम होतात. कोणी याच्याकडून घेतो, कोणी त्याच्याकडून, आणि सकाळी चालणारा कॉम्प्युटर दुपारी बंद पडतो. जुना राऊटर काढून पाहावा. ठेवायचाच असेल तर त्याचे क्रमांक वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करून घ्यावे. एकाच वायरीची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये घातली गेली तरी सगळ्या घराचे नेट गुदमरते, हेही ध्यानात असावे.

क्रमांक ठीक असेल तर त्याच काळ्या खिडकीत पी-आय-एन-जी टाइप करून, एक जागा सोडून ८.८.८.८ हे आकडे इंग्रजी लिपीत टाइप करावेत. हा गूगलच्या एका सार्वजनिक यंत्रणेचा पत्ता आहे. 'रिप्लाय' अशा ओळी आल्या तर कॉम्प्युटर बाहेरच्या जगापर्यंत पोचतो आहे. तरीही वेबसाइट उघडत नसतील, तर नावावरून क्रमांक शोधणारी यंत्रणा, डीएनएस, नीट चालत नाही. दुकान चालू आहे, पण पत्ता सांगणारा माणूस जागेवर नाही, असा हा प्रकार. सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरले की बहुधा मार्ग मोकळा होतो.

आता एक असा बिघाड, ज्याच्यासाठी लोक विनाकारण विंडोज पुन्हा टाकून घेतात. जुना कॉम्प्युटर, नेट जोडलेले, पण जीएसटीचे पान, बँकेचे पान उघडताना 'ही जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा येतो. अशा वेळी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती दहा वर्षांपूर्वीची असेल तर रोग सापडला. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटजवळ एक प्रमाणपत्र असते आणि त्याला मुदत असते. कॉम्प्युटरचे घड्याळ चुकले की त्याला ते प्रमाणपत्र मुदतीबाहेरचे वाटते. तारीख दुरुस्त करावी. मुख्य वीज बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. बहुधा तो सीआर २०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा असतो, घड्याळवाल्याकडे मिळतो आणि अगदी थोड्या पैशांत येतो. वीज पूर्ण काढून तो बदलावा.

आणि एकच वेबसाइट बंद, बाकी सर्व चालू, असे असेल तर काहीच खोलू नये. शेवटच्या तारखेला सरकारी पोर्टलवर गर्दी होते आणि ते मंदावते. त्याला आपली वायर काय करील? जोहरनंतर उघडले नाही तर इशानंतर पाहावे, किंवा खरे म्हणजे १५ तारखेलाच बसावे.

वेगाचे माप

मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात स्वतंत्र सूरह आहे, सूरह अल-मुतफ्फिफीन. तेव्हा १०० मेगाबिटचे पैसे घेऊन ३० देणाऱ्या ऑपरेटरला जाब विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. पण जाब विचारणाऱ्याचा तराजूही सरळ असला पाहिजे. वेग नेहमी वायरीने जोडलेल्या कॉम्प्युटरवर मोजावा, घरातले बाकी सगळे मोबाइल आणि टीव्ही थांबवून. तिसऱ्या खोलीत मोबाइलवर वाय-फायने मोजलेला आकडा भिंतींचाही असतो. शिवाय प्लॅनमधला आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरताना दिसणारा बहुधा मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. साडेबारा पाहून 'मला आठवा हिस्साच दिला' म्हणून भांडायला जाणारे लोक आहेत. प्लॅनमध्ये ठरलेला डेटा संपल्यावर वेग उतरेल अशी अट आहे का, तेही वाचून घ्यावे.

वायरीचे जोडणे वाय-फायपेक्षा खात्रीचे, हेही यानिमित्ताने सांगावेसे वाटते. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिराला दूरच्या गिऱ्हाइकाला व्हिडिओवर जवारीचा सूर ऐकवायचा असेल तर आवाज मध्येच तुटून चालणार नाही. अशा कामाला वायरच हवी.

तक्रार करताना

दोष ऑपरेटरच्या हद्दीत ठरला तर फोनवर 'नेट चालत नाही' एवढेच सांगू नये. 'लॉसचा लाल दिवा लुकलुकतो आहे, सकाळी अकरापासून, बॉक्स बंद-चालू करून झाला,' असे सांगावे. ऐकणाऱ्याला लगेच कळते की लाइनमन पाठवायचा आहे. तक्रारीचा क्रमांक मागून तारखेसह लिहून ठेवावा. तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तिथे हा क्रमांक विचारला जातो. ट्राय ही संस्था एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः निकालात काढत नाही, त्यामुळे थेट तिकडे अर्ज करून थांबू नये. लाइनमन आला आणि दोष आपल्याच वायरीत निघाला, त्याने ती जोडून दिली, तर त्याची मजुरी घासाघीस न करता तिथल्या तिथे द्यावी.

कंपनीचा फोन नंबर आपल्या बिलावरूनच घ्यावा. इंटरनेटवर 'कस्टमर केअर' म्हणून शोधल्यावर येणाऱ्या नंबरांत भामटेही असतात. ते "भाईजान, एक ॲप टाका, मी इथून नीट करून देतो" म्हणतात आणि आपला पडदा त्यांच्या हातात जातो. बँकेचे पैसे गेले तर विलंब न करता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

आजच एक कागद तयार करून ठेवावा. ऑपरेटरचा ग्राहक क्रमांक, बिलावरचा तक्रारीचा फोन, प्लॅनचा वेग आणि संपण्याची तारीख, बॉक्सचे युजरनेम, अडॉप्टरचे व्होल्ट व अँपिअर, आणि नेट चांगले चालू असताना कोणते दिवे कसे दिसतात ते. दिव्यांचा मोबाइलवर एक फोटो काढला तरी चालेल. पासवर्ड मात्र या कागदावर नको, तो घरच्या डायरीत असावा. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉक्सशेजारी चिकटवला, म्हणजे मालक दुकानात असताना नेट गेले तरी घरात हिशोब पाहणारी मुलगी फोन उचलून नेमके काय ते सांगू शकते.